पडलेल्या दीपगृहाच्या तीन वह्या

इंग्रजी शिकवणारा मास्तर नेमके काय काम करतो, हे मला माझ्या वडिलांना शेवटपर्यंत नीट सांगता आले नाही. ते जुन्नरला शिवणकाम करीत. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी. ए. झालो तेव्हा पदवीचा कागद त्यांनी हातात घेतला, कापडाचा पोत पाहावा तसा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारले, "मी शिवलेला सदरा गिऱ्हाईक अंगात घालून जातं. तू शिकवलेलं पोरं कुठं घालतात?" याचे उत्तर मला ते वारल्यावर सुचले; ते पुढे येईल.

या अंकासाठी मास्तरकीतले चार अनुभव लिहा, असा निरोप आला. अनुभव चाराहून जास्त आहेत. पण लिहायला बसलो की एकच पुढे येऊन बसतो आणि बाकीच्यांना बोलू देत नाही. तेव्हा तोच सांगतो.

एकोणीसशे वीसच्या पुढची ती वर्षे. पौडला महालकरी कचेरीच्या मागच्या अंगाला आमची इंग्रजी शाळा होती. शाळा इंग्रजी पाचवीपर्यंत. पुढे मॅट्रिकपर्यंत शिकायचे तर पुणे गाठावे लागे. मुले मुळशीच्या खोऱ्यातून, मुठेकडून, पठारावरून येत. कुणी मामाकडे राहत, कुणी मारुतीच्या देवळात हातांनी भाकरी थापून खात. खोऱ्यात धरण होणार हे तेव्हा ठरलेले होते. मोजणीदार फिरत होते, आणि कोणत्या मुलाचे गाव पाण्याखाली जाणार हे आम्हां मास्तरांना हजेरी घेतानाच ठाऊक असे.

मी नवीन होतो आणि फार उत्साही होतो. पुण्यातल्या एका चांगल्या बोर्डिंगात मला जागा मिळाली होती, ती माझ्या जुन्नरच्या हेडमास्तरांनी लिहिलेल्या दोन ओळींमुळे. त्या दोन ओळी नसत्या तर मी आज काजे करीत असतो. हे उपकार फेडायचे तर आपणही कुणासाठी तशा ओळी लिहायच्या, हे मी मनाशी ठरवून आलो होतो.

माझ्या एका मित्राचे मुंबईला मास्तरकीचे ट्रेनिंग झाले होते. त्याच्या वहीत मला एक पद्धत सापडली. तिघातिघांचा गट करायचा. प्रत्येक गटाला इंग्रजी रीडरातली एक गोष्ट किंवा कविता द्यायची. गटाने ती स्वतः वाचायची, तिचे मराठी करायचे, आणि शेवटी वर्गापुढे इंग्रजीत करून दाखवायची. इथपर्यंत मुलांना मजा वाटे. खरे काम त्यापुढचे. सगळे संपल्यावर प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचे की मी यात काय केले, काय साधले, काय बिघडले, पुन्हा केले तर वेगळे काय करीन.

पहिल्या वर्षी मी हे इंग्रजीत लिहायला सांगितले. वीस वह्या आल्या आणि विसांत तीच दोन वाक्ये होती: आम्ही हे काम मोठ्या आवडीने केले, त्यापासून आम्हांस अत्यंत लाभ झाला. पत्रलेखनाच्या कुठल्याशा पुस्तकातून ती उचललेली होती, आणि विसांनी एकाच जागी एकच चूक केली होती. एका गटाची कविता तर अर्ध्यातच राहिली होती. त्यांनाही अत्यंत लाभ झाला होता.

तेव्हा मी ती वही मराठीत लिहायची मुभा दिली. हेडमास्तरांना ते रुचले नाही.

"इंग्रजीच्या तासाला मराठी?" ते म्हणाले. "उद्या गणिताच्या तासाला भजन सुरू कराल."

"मुलांना इंग्रजीत खरं बोलता येत नाही, साहेब. जेवढं येतं तेवढंच बोलतात."

"मराठीत खरं बोलतात असं तुम्हांला कुणी सांगितलं?" असे म्हणून त्यांनी परवानगी दिली. माणूस तिखट होता, पण आडवा नव्हता.

मुलांना मी वडिलांचे उदाहरण देई. सदरा शिवून झाला की ते तो उलटा करून उजेडात धरीत आणि शिवण पाहत. सुलट बाजू गिऱ्हाईक पाहते, उलट बाजू शिंप्याने पाहायची. वही म्हणजे कामाची उलट बाजू. हे मुलांना पटले. हळूहळू वह्यांत माणसे दिसू लागली.

एकदा दगडू मारणे नावाच्या मुलाचे वडील वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. खोऱ्यातले जुने शेतकरी. त्यांचे गाव पाण्याखाली जाणाऱ्यांतले. वहाणा बाहेर काढून आत आले.

"मास्तर, पोरगं रोज वहीत काय लिवतंय म्हणं?"

"शाळेचं काम आहे, मारुतराव. धडा कसा केला ते लिहितो."

"कसा केला त्ये तुमी बघताच की. मग लिवून कुणाला दावायचं?" ते थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगा. ह्या वह्या कचेरीत जात्यात का? मोजणीवाला आला तवा आमी घरात काय बोललो, त्ये पोरगं लिवत तर न्हाई?"

मी दगडूची वही काढून त्यांना वाचून दाखवली. त्यात होते: ‘मी पाठ केले नाही. डोके दुखत होते असे सरांना सांगितले. ते दुखत नव्हते.’

मारुतराव बराच वेळ हसले. "त्या दिशी डोकं दुकतंय म्हनून म्हशी बी सोडल्या न्हाईत त्यानं. आता घरी गेलो की इचारतो." वहाणा घालताना मात्र ते वळले. "पर मास्तर, लिवलेलं कुटं ना कुटं जातंच. ध्यानात ठेवा."

मी हसून मान हलवली. ध्यानात काही ठेवले नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी पाचवीत तीन मुलांचा एक गट होता. केशव हा कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, इंग्रजी उच्चार स्वच्छ, थोडा मिजाशी. दुसरा हाच दगडू. तिसरा कोंडिबा मरगळे. तो पठारावरच्या धनगरवाड्यातला. त्याच्या घरी मेंढ्या आणि थोडी नाचणीची शेती. वाड्यावरून शाळेत आलेला तो पहिलाच, आणि सोळाव्या वर्षी तो रीडर ज्या समजुतीने वाचत असे ती मला पदवीच्या वर्गातही क्वचित दिसली होती. आपल्यासारखाच हा, असे मला वाटे.

त्यांच्या वाट्याला एका दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट आली. समुद्र तिघांपैकी एकानेही पाहिला नव्हता. कोंडिबाने मला विचारले, "सर, वादळात दिवा इझला तर जहाजं ओरडत्यात का?" मी म्हटले, माहीत नाही. मीही समुद्र पाहिला नव्हता.

डेप्युटी इन्स्पेक्टर शाळा तपासायला येणार होते आणि त्यांच्यापुढे हीच गोष्ट करून दाखवायचे ठरले. केशव रखवालदार, दगडू खलाशी. कोंडिबाने दीपगृह बांधले. मेंढ्या कोंडायच्या जाळ्याला धनगर वाघर म्हणतात; ती वाघर खुंट्यांना ज्या गाठीने बांधतात त्या गाठीने त्याने कळकाच्या काठ्या बांधल्या, वर पांढरे धोतर गुंडाळले आणि कंदील दोराने वर चढेल अशी सोय केली. माणसाहून उंच झाले. ते उभे राहावे म्हणून त्याने ते मागच्या खिडकीच्या गजांना आवळून टाकले. करून दाखवताना कोंडिबा सर्वांच्या मागे, दीपगृहाच्या आड उभा राहून दोर ओढणार होता.

तपासणीच्या सकाळी मुले वर्ग सजवत होती. मी एकदा फिरून गेलो. साहेबांची खुर्ची कुठे ठेवायची, तिथून दीपगृह दिसेल की नाही, असे काहीबाही बोललो आणि हेडमास्तरांनी हाक मारली म्हणून निघालो.

दुपारी खेळ सुरू झाला. दगडूचे जहाज वादळात सापडले, केशव हात वर करून बोलू लागला, आणि कंदील अर्ध्यावर चढतो न चढतो तोच दीपगृह डावीकडे कलले आणि केशवच्या अंगावर धोतरासकट आडवे झाले. केशवला पुढचे वाक्य आठवेना. दगडू जहाजातून उठून काठ्या उचलू लागला. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, "वादळ मोठं दिसतंय," आणि सगळा वर्ग हसला. साहेब भले होते. शेरा चांगलाच दिला. पण खेळ तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. केशवने लिहिले होते: ‘मी माझे भाषण पूर्ण पाठ केले होते व इतरांचे उच्चार सुधारले. दीपगृह पडले. ते बांधण्याचे काम माझ्याकडे नव्हते.’ दगडूने लिहिले होते: ‘मी सांगितले तसे केले. दीपगृह पडल्यामुळे खेळ मोडला.’ कोंडिबाची वही उघडली. चार ओळी होत्या. ‘दीपगृह मी बांधले. दोर माझ्या हातात होता. मी सर्वांच्या मागे होतो. जे बिघडले ते माझ्यामुळे बिघडले.’

मला भरून आले. दोघे हात झटकतात आणि हा एकटा कबूल करतो. मी लाल शाईने लिहिले, ‘प्रामाणिक. अधिक काळजी घ्यावी.’ इतकेच करून थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुण्यातल्या एका बोर्डिंगात आमच्या शाळेच्या एका मुलाला दरवर्षी जागा मिळे. केशवचे काका पुण्यात होते, त्याला गरज नव्हती. प्रश्न दगडू आणि कोंडिबा यांच्यातला होता. ज्याला जागा मिळेल तो मॅट्रिक होईल, दुसरा परत घरी जाईल, हे आम्ही सगळे जाणून होतो. मनातून मला कोंडिबा जावा असे वाटत होते. पण बोर्डिंगच्या छापील कागदावर एक प्रश्न होता: मुलगा अंगावर घेतलेले काम जबाबदारीने पार पाडतो काय? मी वही काढली. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ते लपवणे मला खोटेपणाचे वाटले. मी लिहिले, ‘अत्यंत बुद्धिमान व प्रामाणिक. तथापि हातच्या कामात निष्काळजी, हे तो स्वतःच मान्य करतो.’ दगडूच्या कागदावर ‘सांगितलेले काम नीट करतो’ एवढे लिहिले. जूनमध्ये दगडू पुण्याला गेला.

मला वाटले, मी न्याय केला. दगडू काही नालायक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याचे गाव जाणार होते आणि त्या शिक्षणाने त्याचे घर पुढे उभे राहिले. त्याला जागा मिळाल्याचे मला वाईट वाटत नाही. ज्या ओळीमुळे ती कोंडिबाला मिळाली नाही, त्या ओळीचे वाटते.

दिवाळीच्या सुटीत दगडू भेटायला आला. अंगात पुणेरी कोट होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, एक सांगायचं राहिलंय. ते दीपगृह कोंडिबाच्या गाठीनं पडलं न्हाई. सकाळी केशवनं खिडकीपासनं सोडून पुढं आणलं. मी बी उचलू लागलो. कोंडिबा नको म्हणत होता, पुढं टेकायला काय न्हाई म्हणाला. आमी ऐकलं न्हाई."

"मग तू वहीत का नाही लिहिलंस?"

"कोंडिबाची वही आधी भरली होती, सर. त्यानं स्वतःवर घेतलंच होतं. आमच्यात जो म्हणतो मी चुकलो, त्योच चुकलेला असतो. दुसऱ्यानं कशाला तोंड उघडायचं?"

पुढच्या रविवारी सकाळी मी पठार चढून धनगरवाड्यावर गेलो. दिवाळीनंतर ते लोक मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. निघायची तयारी चाललेली होती. कोंडिबा घोंगडीच्या घड्या घालत होता. त्याचे वडील रामबा पुढे आले.

"मास्तर, येवढं चढून? पोरानं काय केलं?"

"पोरानं काही केलं नाही, रामबा. मीच काहीतरी केलंय." मग मी कोंडिबाला विचारले, "दीपगृह तू हलवलं नाहीस. मग सगळं माझ्यामुळे, असं का लिहिलंस?"

तो गोंधळला. मी इतके सोपे का विचारतो आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. "मी मागं हुतो, सर," तो म्हणाला.

मला कळले नाही हे रामबांच्या ध्यानात आले. त्यांनी मला दगडावर बसवले.

"त्येचं असं हाय, मास्तर. मेंढरं वाड्यात आली की आमी बसतो. एकांदं कोकरू ऱ्हायलं, कुटं पीक तुडवलं, तर बोलायचं. जो मागं चालतो त्यानं आधी बोलायचं. समदं आपल्या अंगावर घ्यायचं. म्हंजे मधल्याचं भ्या जातं. मधला म्हनतो, न्हाई, वढ्यापाशी मीच बसलो. मग त्येच्या फुडचा बोलतो. असं करत करत कोकरू कुटं ऱ्हायलं त्ये कळतं. मागच्याचं येकट्याचं ऐकून कोन उटत न्हाई. त्याला काय अर्थ हाय?"

"मी थांबलो हुतो, सर," कोंडिबा म्हणाला. "वाटलं, आता तुमी तिघांस्नी बसवाल. मग दगडू बोलंल, मग केशव. तुमी वह्या मिटल्या."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. बोर्डिंगच्या कागदावर मी काय लिहिले ते मी त्याला तिथेच सांगितले. रामबांनी विचारले, "ह्येचंच लिवलेलं ह्येच्यावर गेलं व्हय?" मी म्हटले, होय. मारुतरावांची आठवण झाली.

मग मी विचारले, "केशवच्या पुढे कुणी नव्हतं का? शेवटी कोण बोलणार होतं?"

कोंडिबा घडी घालू लागला. रामबा म्हणाले, "वाट ज्यानं दाविली त्यो. फुडं चालनारा समद्यांच्या शेवटी बोलतो. समद्यांचं ऐकल्याबिगर त्येला आपली चूक कळत न्हाई."

मी बोर्डिंगला पत्र लिहिले. जागा भरली होती. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिले. जागा चालू वर्षाच्या मुलासाठीच असते, असे उत्तर आले. मी कोंडिबाला पुण्यात माझ्या ओळखीच्या घरी राहायची सोय करतो म्हणून निरोप पाठवला. तोपर्यंत त्याचा थोरला भाऊ लग्न होऊन वेगळा झाला होता. ‘आता मेंढरं माज्याकडं हायेत, सर’ एवढाच निरोप परत आला.

त्यानंतर मी वह्या एकेकट्याने लिहून घेणे बंद केले. काम संपले की गटाला समोर बसवायचे. ज्याच्याकडे सर्वांत मागचे, न दिसणारे काम असेल त्याने आधी बोलायचे, मग पुढच्याने. सगळे बोलून झाल्यावरच वही उघडायची, आणि त्या वहीतला एक शब्दही कुठल्या शिफारसपत्रात घालायचा नाही. पुढे ज्या ज्या शाळांत गेलो तिथे हे चालू ठेवले. नवे मास्तर ही पद्धत पाहायला येत. कुठे शिकलात विचारत. मी म्हणे, पौडला. वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही मला तिथेच मिळाले. मी शिकवलेले पोरे कुठे घालतात ते मला अजून ठाऊक नाही. पण मुलांच्या कामाची उलट बाजू मी पाहायची होती, आणि मी एकच शिवण पाहून कापड खाली ठेवले.

कोंडिबा मला पुन्हा एकदाच दिसला. पिरंगुटच्या पुढे रस्त्यावर त्याचा कळप चालला होता आणि तो सर्वांत मागे होता. मी टांगा थांबवला. त्याने काठी खांद्याला लावून नमस्कार केला.

"सर, वह्या लिवत्यात का पोरं अजून?"

"लिहितात."

"आदी मागचा?"

"आधी मागचा."

त्याला बरे वाटले. मेंढ्या पुढे जात होत्या, त्याला थांबता येईना. तेव्हाच मी ते बोलायला हवे होते. बोललो नाही. टांगेवाला घाई करीत होता, असे मी स्वतःला सांगितले.

त्या तिन्ही वह्या माझ्याजवळ आहेत. शाळा सोडताना मी त्या मागून घेतल्या. केशवची, दगडूची, कोंडिबाची. चौथी कधी कुणी मागितली नाही, म्हणून ती इथे लिहितो.

तपासणीच्या दिवशी सकाळी दीपगृह खिडकीला बांधलेले मी पाहिले होते. ते तिथे भक्कम होते. मी केशवला म्हणालो, "मागे कशाला ठेवलंत? साहेबांना दिसलं पाहिजे. पुढे घ्या." कोंडिबा काही सांगायला माझ्याकडे आला. मी म्हटले, "नंतर." दुपारी ते पुढे उभे असलेले पाहून मला समाधान वाटले. ते पडले तेव्हा ते का पडले हे वर्गात ज्यांना ठाऊक होते, त्यांत मीही होतो. फक्त मी ते स्वतःला कळू दिले नाही. मग मी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या.

पुढे मी चालत होतो.